वाद्यवृंद संचालकाची कारकीर्द : घाई नडते की नाही?

(ही चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

मंद्रसप्तक

फिनलंडचा क्लाउस मॅकेला १९९६ सालचा. २०२० मध्ये ऑस्लो फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचा प्रमुख संचालक, म्हणजे कंडक्टर झाला, २०२१ मध्ये पॅरिसचा ऑर्केस्ट्रा त्याच्याकडे आला आणि २०२७ पासून ॲमस्टरडॅमचा कॉन्सर्टखेबाऊ आणि शिकागो सिंफनी या दोन वाद्यवृंदांचे डोलारे तो एकाच वेळी सांभाळणार आहे. यातला एक मिळावा म्हणून मोठमोठे कंडक्टर आयुष्यभर वाट बघत राहिले. पोरगा गुणी आहे यात वाद नाही. माझी तक्रार त्याच्याबद्दल नाही, या सगळ्याला लागलेल्या वेगाबद्दल आहे.

पियानो वाजवणारा घरी दार लावून दिवसाचे आठ तास चुका करू शकतो. कंडक्टरचं वाद्य म्हणजे समोर बसलेली ऐंशी-शंभर माणसं. ती घरी आणता येत नाहीत. म्हणून चुका करायला आडबाजूची जागा लागते. जर्मन ऑपेरा हाउसेसनी ती जागा पिढ्यान्‌पिढ्या दिली. आधी गायकांच्या तालमींना पियानो वाजवायचा, मग रंगमंचामागच्या वादकांना इशारे द्यायचे, मग एखाद्या रात्री मुख्य कंडक्टर आजारी पडला की तालमीशिवाय उभं राहायचं. कारायान १९२९ पासून पाच वर्षं उल्मसारख्या छोट्या गावात होता. शोल्टी बुडापेस्टच्या ऑपेरात असाच तालमींचा पियानोवादक होता. म्युनिक, फ्रँकफर्ट, लंडन करत १९६९ मध्ये तो शिकागोला पोचला तेव्हा छप्पन्न वर्षांचा होता. आणि अलीकडचा किरिल पेट्रेन्को बघा. आधी मायनिंगेनसारखं छोटं गाव, मग बर्लिनचं कोमिशे ऑपर, मग म्युनिकचा ऑपेरा. बर्लिन फिलहार्मोनिकच्या वादकांनी २०१५ मध्ये त्याला निवडलं तेव्हा त्याच्या नावावर धड चार रेकॉर्डिंग्ज नव्हती.

मुरल्याशिवाय हे काम येत नाही असं माझं ठाम मत आहे.

तिहाई

अजिबात पटलं नाही. तुमचीच उदाहरणं तुमच्या विरोधात जातात.

शोल्टी शिकागोला आला तेव्हा लंडनचं कॉव्हेंट गार्डन ऑपेरा हाउसही त्याच्याकडेच होतं, १९७१ पर्यंत. ते सुटल्यावर पुढच्याच वर्षी त्याने पॅरिस घेतलं. कारायान १९५७ पासून बर्लिन फिलहार्मोनिक आणि व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा एकाच वेळी चालवत होता. दोन-दोन, तीन-तीन पदं ही आजच्या पिढीची हाव नाही, या धंद्यात ती पूर्वीपासून आहे.

आणि वयाचं म्हणाल तर झुबिन मेहता. जन्म १९३६. १९६१ मध्ये मॉन्ट्रियल, १९६२ मध्ये लॉस एंजेलिस. सव्विसाव्या वर्षी दोन ऑर्केस्ट्रा, दोन्ही १९६७ पर्यंत एकत्र. लॉस एंजेलिसला तो १९७८ पर्यंत राहिला, म्हणजे सोळा वर्षं. त्या वाद्यवृंदाचं काही वाटोळं झालं नाही, उलट त्याला जगात नाव मिळालं ते त्याच काळात. तोस्कानिनी तर १८८६ मध्ये रिओमध्ये चेलो वाजवणारा एकोणीस वर्षांचा पोरगा होता. ऐन वेळी उभा राहिला आणि अख्खा 'आयडा' ऑपेरा पाठ असल्यामुळे संहितेशिवाय, म्हणजे समोर स्वरलिपी न ठेवता चालवला. बर्नस्टाइन १९४३ मध्ये पंचवीस वर्षांचा होता. त्या दिवशीचे कंडक्टर ब्रुनो वॉल्टर आजारी पडले म्हणून एकही तालीम न करता न्यूयॉर्क फिलहार्मोनिकसमोर उभा राहिला, तेही रेडिओवर थेट प्रक्षेपण चालू असताना.

"वाद्य घरी आणता येत नाही" हेही आता अर्धंच खरं. हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत योर्मा पानुलांनी वेगळी रीत पाडली. विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून जिवंत वादकांसमोर उभं करायचं, त्याचं चित्रण करायचं आणि नंतर त्यालाच बघायला लावायचं. सालोनेन, सारास्ते, ओरामो हे नावाजलेले कंडक्टर सगळे तिथलेच. मॅकेला बाराव्या वर्षापासून तिथे शिकत होता. म्हणजे वयाने तिशीचा असला तरी वादकांसमोर उभं राहून त्याची दीड तपं होत आली.

मंद्रसप्तक

मेहतांचा मुद्दा मान्य. बर्नस्टाइनचा नाही. एका रात्री वाचवणं वेगळं आणि दहा वर्षं घडवणं वेगळं. बर्नस्टाइनलासुद्धा न्यूयॉर्कचं प्रमुखपद त्या रात्रीनंतर पंधरा वर्षांनी मिळालं.

सायमन रॅटल घ्या. १९८० मध्ये बर्मिंगहॅमला गेला तेव्हा पंचविशीचा होता, पण अठरा वर्षं तिथून हलला नाही. १९९१ मध्ये शहराने त्या वाद्यवृंदासाठी नवं सभागृह उघडलं. बर्लिन त्याला २००२ मध्ये मिळालं. तेव्हा माझा शब्द थोडा सुधारतो. वय हा प्रश्न नाही, एका ठिकाणी ठिय्या मारून बसणं हा आहे.

व्होलावाली

मी हौशी ऑर्केस्ट्रात वीस वर्षं व्होला वाजवते, म्हणजे कंडक्टर ज्या बाकांकडे सगळ्यात कमी बघतात तिथे बसते. त्या बाकावरून दिसतं ते सांगते.

माणसात पाणी किती आहे हे पहिल्या दहा मिनिटांत कळतं. वयाचा आणि त्याचा संबंध मला आढळलेला नाही. आमच्याकडे एक तरुण पाहुणे कंडक्टर आले होते. अभ्यास जबरदस्त, संहितेतली प्रत्येक खूण तोंडपाठ. पण दर आठ मात्रांनी थांबवून बोलायचे. तालीम अडीच तासांची, त्यात आम्ही वाजवलं जेमतेम सव्वा तास. पुढच्या हंगामात एक वयस्क बाई आल्या. त्यांनी एकदाही थांबवलं नाही. पहिल्या फेरीत सरळ शेवटपर्यंत जाऊ दिलं, कारण चुकलेल्या अर्ध्या जागा वादक दुसऱ्या फेरीत आपापल्या सुधारतात हे त्यांना ठाऊक होतं. उरलेल्या अर्ध्यांवरच त्यांनी वेळ घातला. आणि उचल, म्हणजे सुरुवातीचा इशारा देण्याआधी त्या श्वास घ्यायच्या, अगदी ऐकू येईल असा. त्या श्वासातच लय, जोर, रंग सगळं कळायचं. हात खाली येईपर्यंत आम्ही त्यांच्याबरोबर असायचो.

आता तुम्ही म्हणाल, बघा, वयाचंच काम. पण त्यानंतर एक सत्तावीस वर्षांचा मुलगा आला आणि तोही असाच श्वास घ्यायचा. तो आधी सहा-सात वर्षं ओबो वाजवत होता. बाकावर बसलेला कंडक्टर लगेच ओळखू येतो. रॅटल तालवाद्यांमधून आला, सालोनेन हॉर्नमधून, ओरामो तर व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवरून, मेहतांनी व्हिएन्नात शिकताना डबल बेस वाजवला. माझ्या मते हे मुरणं उल्मच्या पाच वर्षांपेक्षा जास्त उपयोगी.

शुद्धमध्यम

मुळात एवढं महत्त्व द्यायचं कशाला? व्हिएन्ना फिलहार्मोनिकला १९३३ पासून प्रमुख कंडक्टरच नाही. न्यूयॉर्कचा ऑर्फियस वाद्यवृंद १९७२ पासून कंडक्टरविना वाजवतो.

मंद्रसप्तक

ऑर्फियस हा छोटा वाद्यवृंद आहे, एकमेकांच्या नजरेत नजर मिसळता येते. शंभर जणांना ते जमत नाही. मॉस्कोत १९२२ मध्ये मोठ्या वाद्यवृंदावर तो प्रयोग झाला, पण दहा वर्षांत गुंडाळला. व्हिएन्नाचे वादक स्टेट ऑपेरात जवळजवळ रोज रात्री एकत्र वाजवतात. त्यांचा नाद तिथे घडतो. बाकीच्यांना तो कोणीतरी घडवावा लागतो.

आलापिनी

सावकाश, सावकाश असं वरती बरंच कौतुक वाचलं. ज्या शिडीचा हा गौरव चाललाय, तिच्यावर पाय ठेवायची मुभा कोणाला होती? बर्लिन फिलहार्मोनिकमध्ये पहिली स्त्री वादक आली १९८२ मध्ये. व्हिएन्नाने स्त्रियांना सभासद करून घेतलं १९९७ मध्ये. बायरॉइटचा वाग्नरच्या ऑपेरांचा महोत्सव १८७६ चा, आणि तिथे पहिल्यांदा स्त्री कंडक्टर उभी राहिली २०२१ मध्ये, ओक्साना लिनिव.

अमेरिकन कंडक्टर मॅरिन ऑल्सप बर्नस्टाइनच्या हाताखाली शिकलेली. कोलोराडोत १९९३ पासून बारा वर्षं घासली, मग बोर्नमथ. २००७ मध्ये बाल्टिमोरचं पद मिळालं तेव्हा पन्नाशी गाठली होती, आणि नेमणूक जाहीर झाल्यावर वादकांनी उघड नाराजी दाखवली ती वेगळीच. ती 'मुरली' असं तुम्ही म्हणाल. मी म्हणेन तिला ताटकळत ठेवलं. मंद्रसप्तक, तुमची रीत कायम राहिली तर थांबायला लागणार ते अशाच लोकांना. निवडलेल्यांची चाल सावकाश असते आणि नाकारलेल्यांचीही, बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

मंद्रसप्तक

हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण दोन खंडांतल्या दोन वाद्यवृंदांबद्दलचा माझा आक्षेप यामुळे सुटत नाही. अमेरिकेतल्या 'म्युझिक डायरेक्टर'चं काम छडी हलवण्यापुरतं नसतं. हंगामाचे कार्यक्रम ठरवायचे, देणगीदारांना भेटायचं, नवे वादक निवडायचे. हंगामातले दहा-बारा आठवडे तिथे राहून हे होतं का?

तिहाई

मेहतांनी केलं, शोल्टींनी केलं.

व्होलावाली

आठवडे मोजू नका. मी एकच गोष्ट बघणार आहे. पहिली बासरी किंवा पहिला हॉर्न निवृत्त झाला की पडद्याआड ऑडिशन होते आणि शेवटच्या फेरीत संचालकाचं मत निर्णायक ठरतं. निवडलेला माणूस पुढे तीस-चाळीस वर्षं त्या खुर्चीवर बसतो, संचालक जाऊन युगं लोटली तरी. २०२७ नंतर शिकागोत अशी खुर्ची रिकामी झाली की मॅकेला त्या फेरीला हजर असतो, की विमानात, ते बघून मी माझं मत बनवीन.