मदत हवी आहे : छोट्या गेम कन्सोलला जास्तीची मेमरी कशी लावायची? (अर्जंट)

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी. दाजींनी दुबईहून तो छोटा रेट्रो कन्सोल आणलाय. आतले गेम खेळून झाले, आता मेमरी वाढवायची आहे. नवा कोरा ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह आणला, त्यात गेम टाकले, लावला, काहीच नाही. जुनेच गेम दिसतात. यूट्यूबवर सगळे म्हणतात लगेच होतं. गड्ड्याच्या जत्रेला बहिणीची पोरं मुंबईहून येतायत, त्याआधी चालू व्हायला पाहिजे. ज्याला माहितीय त्यानं सरळ सांगा, लिंका देऊ नका.

सर्किटवाला
कोणता कन्सोल? निन्टेन्डोचा एनईएस क्लासिक (२०१६), एसएनईएस क्लासिक (२०१७), सोनीचा प्लेस्टेशन क्लासिक (२०१८), सेगाचा मेगा ड्राइव्ह मिनी (२०१९), हे सगळेच छोटे आणि सगळेच रेट्रो. प्रत्येकाचा मार्ग वेगळा. निन्टेन्डोच्या दोघांत आतली मेमरी ५१२ एमबी, सोनीच्यात १६ जीबी. उलटा करून खालचं स्टिकर वाचा.

जुळेसोलापूरकर
राखाडी आहे ओ. एचडीएमआयवाला. पेन ड्राइव्ह का दिसत नाही एवढंच विचारतोय.

हार्डडिस्क_मास्टर
सोपं आहे. सेटिंग्ज, मग स्टोरेज, तिथं एक्स्टर्नल ड्राइव्ह म्हणून फॉरमॅट करायचा. मी पीएस४ ला २ टीबीची डिस्क अशीच लावली आहे. मार्च २०१७ च्या ४.५० अपडेटपासून ही सोय आहे. पण ड्राइव्ह यूएसबी ३.० चा आणि किमान २५० जीबीचा लागतो, तुमचा ६४ चा म्हणून घेत नाही. मोठी डिस्क घ्या.

सर्किटवाला
मास्टर, पीएस४ कुणी विचारलेलाच नाही. त्यांचं ऐकून डिस्क विकत आणू नका, इथं मोठी डिस्क लावली तर प्रॉब्लेम वाढेल.

पाय_प्रेमी
माझं ऐका, तो कन्सोल शोकेसमध्ये ठेवा आणि रास्पबेरी पाय ४ हा छोटा कॉम्प्युटर घ्या. मायक्रोएसडी कार्डावर बाटोसेरा किंवा रेट्रोपाय हे जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर टाकलं की निन्टेन्डो, सेगा, प्लेस्टेशन सगळं एकाच डब्यात. मेमरी कमी पडली की कार्ड बदला, विषय संपला. माझ्याकडे रोज चालतो.

कॅसेटयुग
पाय_प्रेमी, प्रत्येक धाग्यावर हेच सांगता. ज्याच्या घरात कन्सोल आहे त्याला दुसरं घ्यायला का लावता? तो डबा हातात धरायची मजा वेगळी. आम्ही लहानपणी नव्या पेठेतून कॅसेट आणायचो, ९९९ इन १ लिहिलेली. तेच चार-पाच गेम उलटसुलट असायचे, तरी सुट्टी कशी जायची कळायचं नाही.

पाय_प्रेमी
मजेचा प्रश्नच नाही. त्यांना पोरं यायच्या आत चालू करून हवंय. पायवर ते एका संध्याकाळचं काम आहे.

सर्किटवाला
पाय, केस, कार्ड, अडॅप्टर, दोन कंट्रोलर, हे सगळं मागवायला लागेल. ते आधी हातात तर यायला पाहिजे. जुळेसोलापूरकर, स्टिकर?

जुळेसोलापूरकर
एससीपीएच-१०००आर लिहिलंय. खाली ५ व्होल्ट १ अँपिअर.

सर्किटवाला
हां, म्हणजे प्लेस्टेशन क्लासिक. हे पहिल्यांदाच सांगितलं असतं तर काम निम्मं झालं असतं. आता तीन गोष्टी सांगा : पेन ड्राइव्हचा फॉरमॅट कोणता, त्याला नाव काय दिलंय, आणि कन्सोलला वीज कुठून देताय?

फ्लॅश_गुरू
पेन ड्राइव्ह लटकवण्यापेक्षा कन्सोल उघडून आतली १६ जीबीची ईएमएमसी, म्हणजे साठवणीची चिप काढा आणि ६४ ची बसवा. हॉट एअर स्टेशन (गरम हवेनं चिप काढायचं यंत्र) असलेला कुठलाही मोबाइल रिपेअरवाला करून देईल. कायमचं काम.

सर्किटवाला
गुरू, मी स्वतः बोर्ड रिपेअर करतो म्हणून कळकळीनं सांगतो, हे कुणी करू नका. ईएमएमसीच्या पोटाखाली सोल्डरचे गोळे असतात. चिप काढून नवी बसवली तरी जुन्यातला सगळा डेटा, पार्टिशनसकट, जसाच्या तसा नवीन चिपवर आणावा लागतो. एवढं करून मिळणार काय? जे पेन ड्राइव्हनं होतं तेच.

फ्लॅश_गुरू
मी मोबाइलचं केलेलं आहे, चालतंय.

सर्किटवाला
मोबाइलचा सुटा बोर्ड बाजारात मिळतो. ह्याचा कुठून आणणार?

जुळेसोलापूरकर
भांडू नका ओ. फॉरमॅट एनटीएफएस दाखवतंय. नाव न्यू व्हॉल्यूम. वीज टीव्हीच्या मागच्या यूएसबीतून, बॉक्समध्ये अडॅप्टर नव्हताच, नुसती केबल होती. पण गेम चालतात की व्यवस्थित!

सर्किटवाला
अडॅप्टर त्यात येतच नाही, वेगळा लावायचा असतो. आता नीट वाचा.

हा कन्सोल आपणहून पेन ड्राइव्हवरचे गेम वाचत नाही. सोनीनं ती सोय ठेवलेलीच नाही, २० गेम दिले आणि दार लावून घेतलं. डिसेंबर २०१८ मध्ये बाजारात आला आणि त्याच महिन्यात यिफान लू आणि मॅडमंकी या दोन हॅकरनी शोधून काढलं की अपडेट तपासायच्या किल्ल्या (गुप्त कोड) कन्सोलच्या आतच राहून गेल्यात. त्यावरून पुढं ब्लीमसिंक, ऑटोब्लीम, प्रोजेक्ट एरिस ही सॉफ्टवेअर तयार झाली. त्यातलं एक पेन ड्राइव्हवर असल्याशिवाय नुसते गेम टाकून काहीही होणार नाही.

तुम्हाला ऑटोब्लीम बरं पडेल, कारण ते पेन ड्राइव्हवरूनच चालतं, कन्सोलच्या आत काही लिहीत नाही. ड्राइव्ह काढला की कन्सोल पहिल्यासारखा. ड्राइव्ह एनटीएफएसऐवजी फॅट३२ फॉरमॅटमध्ये करा. ६४ जीबीला विंडोजच्या साध्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२ मिळत नाही, रूफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरा. ड्राइव्हचं नाव SONY न ठेवता चालणार नाही असं लोक सांगतात ते खरं आहे : इंग्रजी कॅपिटलमध्ये, सोनी कंपनीच्या नावाची चार अक्षरं, मागेपुढे काही नाही. कन्सोल चालू होताना तेच नाव शोधतो. झिप उघडून आतलं सगळं असं टाका की ड्राइव्ह उघडल्या उघडल्या समोर दिसेल, फोल्डरच्या आत फोल्डर नको. गेम्स नावाच्या फोल्डरात प्रत्येक गेमला स्वतंत्र फोल्डर, त्यात बिन (गेमचा डेटा) आणि क्यू (ट्रॅकची यादी) या दोन्ही फायली. ड्राइव्ह दुसऱ्या कंट्रोलरच्या पोर्टात.

होटगीरोड
काय बे, सर्किटवाल्या, तू तर अख्खं पुस्तकच लिहिलंस 🙏 मलाही लागणार आहे, सेव्ह करून ठेवतो.

कायद्याचं_बोला
एक मुद्दा कुणीच काढला नाही. गेम आणले कुठून? नेटवरून उतरवलेले असतील तर ते १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या विरुद्ध आहे. गेम २५ वर्षांचा झाला म्हणून फुकट होत नाही. स्वतः विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप कॉपी ठेवायची मुभा कलम ५२ मध्ये आहे, तीही मर्यादित.

जुळेसोलापूरकर
माझ्या ओरिजिनल सीड्या आहेत साहेब, कॉलेजपासूनच्या. त्याच कॉपी केल्यात. सीडी लावली, सगळ्या फायली सिलेक्ट, कॉपी, पेस्ट.

रातराणी
सर्किटवाला, इथंच अजून एक अडलंय बघा. दादा, सीडीतल्या फायली नुसत्या ओढून घेतल्या तर गेम बनत नाही. सीडीची आख्खी प्रतिमा काढावी लागते. इमेजबर्न घ्या, त्यात डिस्कवरून इमेज फाइल बनवायचा पर्याय आहे, त्यातून बिन-क्यू जोडी तयार होते. काही गेममध्ये गाण्याचे ट्रॅक वेगळे असतात, ते कॉपी-पेस्टमध्ये येतच नाहीत. एक सीडी जास्तीत जास्त ७०० एमबीच्या आसपास, म्हणजे ६४ जीबी तुम्हाला आयुष्यभर पुरेल. सीडी आधी मऊ सुती कापडानं मधून बाहेरच्या कडेकडे पुसा, गोल गोल नको. चरे असतील तर वाचायचा वेग सगळ्यात कमी ठेवा.

कॅसेटयुग
इतक्या वर्षांच्या सीड्या सोलापूरच्या उन्हाळ्यात टिकल्या हेच मोठं! माझ्या माळ्यावरच्या सगळ्या वाकल्या.

पन्नासहर्ट्झ
या कन्सोलचा खरा दोष कुणी बोलत नाही म्हणून लिहितो. त्यातल्या २० पैकी ९ गेम युरोपच्या पाल या टीव्ही-पद्धतीच्या आवृत्तीचे आहेत, ५० हर्ट्झवाले. टेक्केन ३ सुद्धा! ६० च्या जागी ५० म्हणजे खेळ सुमारे १७ टक्के हळू. ज्यानं मूळचं खेळलंय त्याच्या बोटांना ते लगेच कळतं. यूएसबी कीबोर्ड लावून एस्केप दाबलं की आतल्या एम्युलेटरचा (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) मेनू उघडतो, पण सगळे कीबोर्ड चालत नाहीत. जुळेसोलापूरकर, तुमच्या सीड्या कुठल्या आवृत्तीच्या आहेत ते आधी बघा.

होटगीरोड
आपल्याकडचे टीव्ही पालच होते की ओ. आपल्याला काय फरक पडतो?

पन्नासहर्ट्झ
जुने टीव्ही पाल होते. आताचा एलईडी ६० वर आरामात चालतो, मग हळू का खेळायचं?

जुळेसोलापूरकर
मंडळी, फॅट३२ केलं, नाव बदललं, ऑटोब्लीम टाकलं, एका सीडीची इमेज काढून टाकली. तरी जुनेच गेम!! पेन ड्राइव्हवर बारीक निळा दिवा आहे, तो चालू करताना एकदा लागतो आणि विझतो. परत लागत नाही. तोच ड्राइव्ह कॉम्प्युटरला एकदम बरोबर चालतो. दुकानदार बदलून द्यायला तयार नाही.

रातराणी
पेन ड्राइव्ह खरंच ६४ जीबीचा आहे का? हल्ली ८ च्या चिपवर ६४ चं लेबल लावून विकतात. कॉम्प्युटरला ६४ दिसतो, पण ठरावीक हद्दीनंतर लिहिलेलं सगळं हवेत जातं. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून बघतं. नवीन ड्राइव्ह आणला की मी पहिलं तेच करते.

सर्किटवाला
रातराणी, तपासणी चांगलीच आहे, सगळ्यांनी करावी. पण इथं एकच गेम टाकलाय आणि दिवा लागून विझतोय, त्यामुळं मला खोटी क्षमता वाटत नाही. करंट कमी पडतोय.

पुढचे दोन पोर्ट कंट्रोलरसाठी आहेत. कंट्रोलरला करंट नावापुरता लागतो, म्हणून त्या पोर्टांवर मर्यादाच १०० मिलिअँपच्या आसपास ठेवली आहे. साधा यूएसबी २.० पोर्ट ५०० पर्यंत देतो, ३.० चा ९०० पर्यंत. वेगवान ३.० चा ड्राइव्ह चालू होतानाच जास्त ओढायला जातो आणि कन्सोल त्या पोर्टाची वीज तोडतो. तुमचा निळा दिवा तेच सांगतोय. ड्राइव्हच्या तोंडातली प्लॅस्टिकची पट्टी निळी आहे का, बघा. बहुतेक ३.० असेल.

दुसरं, टीव्हीची यूएसबी. तीही साधारण ५०० मिलिअँपची आणि तुमच्याच स्टिकरवर १ अँपिअर लिहिलंय. नुसते आतले गेम चालतात, पण ड्राइव्ह जोडला की ओढाताण होते. मोबाइलचा ५ व्होल्टचा साधा चार्जर लावा, १ अँपिअर किंवा वर. २ अँपिअरचा असला तरी घाबरू नका, कन्सोल लागेल तेवढाच घेतो. आणि घरात जुना, हळू, २.० चा पेन ड्राइव्ह शोधा. ८ जीबीचाही चालेल.

हार्डडिस्क_मास्टर
जुना आणि हळू ड्राइव्ह लावला तर गेम अडकत अडकत चालणार. नेहमी वेगवान घ्यावा.

सर्किटवाला
मूळ प्लेस्टेशनचा सीडी ड्राइव्ह दुप्पट वेगाचा, सेकंदाला ३०० केबी. सगळ्यात हळू पेन ड्राइव्हसुद्धा त्याच्या कितीतरी पुढं आहे. या गेमना वेग लागतच नाही.

पाय_प्रेमी
पायला यातलं काहीच बघावं लागलं नसतं.

जुळेसोलापूरकर
आला!!! भावाच्या कपाटात १६ जीबीचा जुना ड्राइव्ह मिळाला, काळी पट्टीवाला. मोबाइलचा चार्जर लावला. ऑटोब्लीमचा स्क्रीन आला, माझ्या सीडीचा गेम कव्हरसकट यादीत दिसतोय. सर्किटवाला आणि रातराणी, लई उपकार झाले. आता बाकीच्या सीड्या काढायला बसतो.

पण एक सांगा, दुसऱ्या पोर्टात ड्राइव्ह गेला तर दोघांनी कसं खेळायचं? पोरं दोन आहेत. टेक्केन एकट्यानं काय खेळणार?

सर्किटवाला
त्यासाठी ड्राइव्ह मागच्या मायक्रो यूएसबीला न्यावा लागतो, जिथं वीज जोडता तिथंच. वीज आणि ड्राइव्ह दोन्ही घेणारा ओटीजी अडॅप्टर लागतो, एका बाजूला चार्जर आणि दुसऱ्या बाजूला पेन ड्राइव्ह. तिथं पुढच्यासारखी करंटची अडचण नसते, तुमचा ६४ चाही तिथं चालावा. पण मागचं पोर्ट असं वापरायला प्रोजेक्ट एरिससारखं सॉफ्टवेअर कन्सोलच्या आत बसवावं लागतं. ते आतल्या मेमरीत लिहितं. आधी बॅकअप घेतं, तो कॉम्प्युटरवर उतरवून जपून ठेवा.

आणि ते चालू असताना लाईट गेली तर कन्सोल उठणार नाही. म्हणून इन्व्हर्टरवरच्या प्लगला लावून करा, किंवा पोरं परत गेल्यावर निवांत करा. माझा सल्ला दुसरा. आता गड्ड्यापुरतं ड्राइव्ह काढून टेक्केन खेळू द्या, ते आतलंच आहे, दोन्ही पोर्ट मोकळे राहतात.

पन्नासहर्ट्झ
आतलं टेक्केन ५० हर्ट्झचं आहे, वर लिहिलंय.

जुळेसोलापूरकर
पोरांना ५० काय आणि ६० काय. इन्व्हर्टर आहे आमच्याकडे, पण घाई नाही करत. ओटीजी अडॅप्टर मात्र उद्याच बघतो, नव्या पेठेत मिळेल ना?

होटगीरोड
मोबाइल ॲक्सेसरीजच्या दुकानात विचारा. साधा ओटीजी नको, वीज आत घेणारा वेगळा असतो, तीन टोकं असतात, तो दाखवायला सांगा. बंद करताना आधी बटण दाबून दिवा नारिंगी होऊ द्या, मग केबल काढा, नाहीतर ड्राइव्हवरचं सेव्ह जातं.

बाळीवेस_२३
माझ्याकडे सेगाचा मेगा ड्राइव्ह मिनी आहे, ४२ गेमवाला. त्यालाही हेच ऑटोब्लीम टाकू का?

सर्किटवाला
नाही, अजिबात नको. त्याला प्रोजेक्ट लुनार लागतं, ते पूर्ण वेगळं आहे. नवीन धागा काढा, आणि वीज कुठून देताय ते पहिल्याच ओळीत लिहा.