‘काय बघू?’ विचारणाऱ्याला रोजची मालिका सुचवू नये

राजवाडा_कट्टा, सातारा

मत सरळ मांडतो, मग हाणा. कुणी ‘बघण्यासारखं काहीतरी सांगा’ म्हटलं तर त्याला शेवट असलेलीच गोष्ट सांगावी. सिनेमा सांगा, नाहीतर पाच-दहा भागांची सिरीज सांगा. टीआरपी आहे तोवर ताणायची आणि टीआरपी पडला की पंधरा दिवसांत गुंडाळायची, असली रोजची मालिका सुचवणं म्हणजे समोरच्याच्या गळ्यात हप्ते मारणं.

लिहिणाऱ्यालाच शेवट माहीत नसेल तर तो सुरुवातीला पेरणार काय? १९८८ साली दूरदर्शनवर फाळणीवरची ‘तमस’ ही छोटी मालिका आली. गोविंद निहलानींनी सुरुवातीलाच ओम पुरींच्या नथ्थूला एका डुकराच्या मागं लावलंय. कोंदट खोपट, मिणमिणता उजेड, हातात सुरा, अंगभर घाम. ते जनावर काही केल्या मरत नाही आणि प्रसंग काही केल्या संपत नाही. बघणारा वैतागतो. मग ते मेलेलं डुक्कर मशिदीच्या पायरीवर सापडतं आणि अख्खं शहर पेटतं. एवढा वेळ एका डुकरावर घालवायचं धाडस त्यालाच होतं, ज्याला पुढं काय वाढून ठेवलंय ते पक्कं ठाऊक असतं.

‘स्कॅम १९९२’ दहा भाग. ‘दिल्ली क्राइम’चा पहिला सीझन सात भाग. ‘चर्नोबिल’ पाच. एका आठवड्यात संपतं, डोक्यात मात्र वर्षभर राहतं. बोला आता.

विटेकरीण, विटा

तुमची यादी चांगली आहे हो, पण ती बघायची कुणी आणि कधी? आमच्या घरात संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्हीपुढं कुणी बसतच नाही. भाकऱ्या, डबे, मागावरनं येणाऱ्या माणसांची जेवणं. टीव्ही सोप्यात, बायका चुलीपाशी. मालिका आम्ही बघत नाही, ऐकतो. म्हणून तर त्यात एकच गोष्ट तीन जणींकडून वदवून घेतात. काही महत्त्वाचं घडलं की ढँण्-ढँण् वाजतं, मग तवा खाली उतरवून मी दारातनं डोकावते. तोवर तीच तीच तोंडं फिरवून फिरवून दाखवत असतात, माझं काही चुकत नाही. तुम्हाला तो बावळटपणा वाटतो. मला ती सोय वाटते.

तुमचा नथ्थू एक शब्द न बोलता डुकरामागं पळतोय. तो मी ऐकू कसा?

राजवाडा_कट्टा, सातारा

ताई, मांडलंय झकास, पण पटलं नाही. मग मालिका ‘ऐकायला बरी’ म्हणून सांगा. बघण्यासारखी म्हणून कशाला सांगायची?

विटेकरीण, विटा

बघण्यासारखं काय, हे ज्याला दोन तास खुर्चीत बसून आयता चहा मिळतो त्यानंच ठरवायचं का?

शिराळकर, बत्तीस शिराळा

ताईंनी जाळ काढला! राजवाडा, चहा स्वतः करता का ते आधी सांगा.

वाईकर_घाट, वाई

चहाचं राहू द्या, मला दुसरीच अडचण दिसते. आमच्याकडं वाई, मेणवली, धोम या पट्ट्यात वीस-पंचवीस वर्षं शूटिंग चालू आहे. सगळं राजवाड्याच्या नियमात बसणारं, शेवट असलेलं. ‘गंगाजल’ २००३ साली इथं झाला, पडद्यावर बिहार. २००४ चा ‘स्वदेस’ मेणवलीच्या घाटावर, पडद्यावर उत्तर प्रदेशातलं चरणपूर. ‘ओंकारा’ आणि ‘दबंग’, पुन्हा उत्तर प्रदेशच. कृष्णेचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, मागं आमचे डोंगर आणि तोंडात भाषा गंगेकाठची. आमची माणसं गर्दीत उभी, गळ्यात गमछा टाकून.

सातारा हा सातारा म्हणून, आपल्या बोलीसकट, घरोघरी रोज रात्री दिसला तो ‘लागिरं झालं जी’मध्ये, २०१७ ते २०१९. नायकाला फॉरेनला जायचं नाही, बापाची कंपनी सांभाळायची नाही, मिलिटरीत भरती व्हायचंय. जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, जिथं घरटी माणूस फौजेत गेलाय, तिथलं हे स्वप्न. ते दाखवलं कुणी? तुम्ही हप्ते म्हणून हिणवता त्या रोजच्या मालिकेनं. शेवट असलेल्या सिनेमावाल्यांना आपण फक्त मागचा डोंगर म्हणून हवे होतो.

कराडचा_गडी, कराड

वाईकर, मन भरून आलं राव, पण आपल्या भागातली आहे म्हणून चांगली, हा कुठला न्याय? सुरुवातीचे महिने भारी होते. अंधारात उठून पळणारी पोरं, भरतीची धाकधूक, पारावरच्या गप्पा, हे आमच्याच आळीतलं. पण पुढं काय झालं? भैय्यासाहेब आणि जयडीची कारस्थानं. ती मुंबईतल्या बंगल्यात घडवली असती तरी चाललं असतं, फक्त साड्या बदलाव्या लागल्या असत्या. म्हणजे राजवाड्याचंच खरं ठरलं. शेवट ठरलेला नसला की गोष्ट गाव सोडते आणि कारस्थानाला लागते.

आणि बोलीचं एक बोलूच. साताऱ्याची बोली म्हणजे नुसतं ‘लय’ आणि ‘व्हय’ पेरणं नाही. आमची आजी रागावली की आवाज खाली आणते. मालिकेत सगळे सातारकर कायम पलीकडच्या शिवारातल्या माणसाशी बोलल्यासारखे ओरडतात.

वाईकर_घाट, वाई

ओरडतात हे खरं. पण मी ‘महान कलाकृती’ म्हटलंच नव्हतं. सुचवण्यासारखी म्हटलं. या दोन्हींत फरक करायची सवयच आपल्याला नाही.

पेठेतली_बाई, सातारा

‘स्वदेस’ला नुसता डोंगर दाखवणारा सिनेमा म्हणू नका. गावात पडदा लावून सिनेमा दाखवतात तो प्रसंग आठवा. पुढच्या बाजूला वरच्या जातींची माणसं आणि पडद्याच्या मागं बाकीची, चित्र उलटं बघत. मग वीज जाते, सगळे कुरकुरतात आणि नायक मोहन मुलांना आकाशातले तारे दाखवतो. मधला तो पडदा खाली येतो. नाव चरणपूर असो नाहीतर मेणवली, हा प्रसंग कुठल्याही गावाला झोंबतो. मी सातवी-आठवीच्या मुलांना एवढाच तुकडा दाखवते. पुढं तासभर बोलायला पुरतो.

बाकी सिनेमा लांब आहे, तीन तासांच्या वर. राजवाड्यांना लांबीचा राग नाही ना?

राजवाडा_कट्टा, सातारा

लांबीचा नाही, बेमुदतीचा आहे. ‘भारत एक खोज’ ५३ भागांची होती, तरी तिला आरंभ आणि शेवट होता.

मिरजमेल, मिरज

इतकी चर्चा झाली आणि अजून कुणीही ‘द डिसायपल’चं नाव घेतलं नाही. मराठी सिनेमा, चैतन्य ताम्हाणेंचा. २०२० साली व्हेनिसला पटकथेचं बक्षीस. नायक शरद शास्त्रीय गायक व्हायला निघालाय आणि आपण त्या उंचीचे नाही, हे त्याला हळूहळू कळत जातं. रात्री तो मोकळ्या रस्त्यावर मोटारसायकलवरून चाललाय, दृश्य संथ केलंय, कानात एका दिवंगत गायिकेच्या व्याख्यानाची जुनी टेप. त्या माईंचा आवाज सुमित्रा भाव्यांचा. ती बाई जे सांगते ते इतकं कठोर आहे की गाणं सोडून द्यावंसं वाटेल. आणि मागं तंबोरा अखंड चालू.

आमच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढताना, म्हणजे तारेचा सूर घुमावा म्हणून घोडी घासून जुळवताना, कारागीर तासन् तास एकच सूर छेडत बसतो. बाहेरच्याला वाटतं, एकच तर आवाज आहे. हा सिनेमा तसा बघायचा. किराणा घराण्याचे गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले त्या गावाच्या माणसानं तरी तो सोडू नये.

कराडचा_गडी, कराड

मिरजमेल, तुमच्या शब्दावर लावला होता मागं. अर्ध्या तासात घरातले तिघं झोपले. चौथा मी.

मिरजमेल, मिरज

मग शांत झोप लागली म्हणून तरी आभार माना.

विटेकरीण, विटा

हा मात्र ऐकता येईल असा दिसतोय! लावते.

मिरजमेल, मिरज

ताई, भाकऱ्या करताना नको, हात जोडतो. नायकाचं मुख्य भूमिकेतलं काम आदित्य मोडकांचं आहे. ते स्वतः गाणारे आहेत. गुरूसमोर बसल्यावर त्यांचा चेहरा कसा आकसतो ते बघण्यात सगळं आहे.

हळदवाला, सांगली

राजवाड्यांनी ‘चर्नोबिल’चं नाव घेऊन पुढं पळ काढला, त्यावर थोडं बोलतो. अणुभट्टीचा स्फोट झाल्यावर अधिकारी सांगतात, किरणोत्सर्ग ३.६ रॉन्टजेन. फार नाही, चालतंय. का ३.६? कारण हाताशी असलेलं यंत्र त्याच्या वरचा आकडा दाखवूच शकत नव्हतं. मोठं यंत्र नेलं तेव्हा कळलं, १५,०००.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा सांगलीत दर तासाला प्रत्येकाच्या फोनवर पातळीचा आकडा येत होता. एक आकडा एकाकडनं, दुसरा दुसऱ्याकडनं. कोयनेतनं किती सोडलं, अलमट्टीतनं किती, कुणाचं खरं धरायचं. ज्यानं त्या दिवसांत माळ्यावर सामान चढवलंय, त्याला ही सिरीज परक्या देशाची वाटत नाही. मी आमच्या मार्केट यार्डातल्या दोघा-तिघांना सुचवली. इंग्रजी बघत नाही म्हणणारे लोक, पण खालच्या ओळी वाचत वाचत संपवली.

तर माझं मत राजवाड्यापेक्षा वेगळं आहे. शेवट आहे की नाही, याच्या आधी समोरच्याच्या अंगावरनं काय गेलंय ते बघा.

राजवाडा_कट्टा, सातारा

हे पटतं. पण त्यानंही रोजच्या मालिकेला पास मिळत नाही.

हळदवाला, सांगली

मिळावा असं मीही म्हणत नाही. ऊसपट्ट्यातल्या माणसानं विचारलं तर मी आधी ‘सामना’ सांगतो. जब्बार पटेलांचा पहिला सिनेमा, लिहिला तेंडुलकरांनी, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील, सहकारातला सम्राट. रस्त्यावर पडलेल्या दारुड्या मास्तरला घरात आणतो, खाऊ-पिऊ घालतो, मोठेपणा करतो. आणि तो मास्तर, म्हणजे डॉ. लागू, तुमच्या साताऱ्यातच जन्मलेले, एकच प्रश्न धरून बसतो : मारुती कांबळेचं काय झालं?

हिंदुराव ओरडत नाही हे लक्षात घ्या. कराडच्या आजीसारखंच.

नव्या_पेठेचा_पोरगा, सांगली

काका, परत जुनंच! १९७५, १९८८. तुम्हा लोकांच्या याद्या म्हणजे सत्कार समारंभ. आमच्या वयाच्या पोरांना ‘पंचायत’ सांगा ना. फुलेरा गावात प्रधान मंजूदेवी, पण कारभार नवऱ्याचा. आपल्याकडं सरपंच बाईच्या नावापुढं सही कोण ठोकतं ते काय वेगळं आहे? पहिल्या सीझनच्या शेवटी झेंडावंदनाला बाईनं स्वतः उभं राहावं म्हणून तिला राष्ट्रगीत शिकवतात. नीना गुप्तांनी ते चाचरत म्हणणं काय केलंय! त्या सीझनचे भाग आठच, वर शिव्याही फार नाहीत. आईसोबत बघितलं.

पेठेतली_बाई, सातारा

पहिला सीझन नक्की. पुढं पुढं निवडणूक आणि भांडणं वाढत गेली, चौथ्यापर्यंत येता येता त्याचीही मालिका झाली असं मला वाटतं. राजवाडा, तुमच्या ओटीटीलाही हप्त्यांचा रोग लागलाच की.

राजवाडा_कट्टा, सातारा

लागलाय. म्हणून पहिला सीझन सांगायचा आणि गप्प बसायचं.

नाट्यपंढरीकर, सांगली

१८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ जिथं केलं त्या गावात तुम्ही घरात बसून काय बघू विचारताय. भावे नाट्यमंदिराला या, तिकीट काढा.

विटेकरीण, विटा

तिकिटाबरोबर विट्याहून परत न्यायला रात्री अकराला एसटी पाठवा, येते.

तासगावचा, तासगाव

सगळं वाचलं, डोकं गरगरलं. साधा प्रश्न आहे. शनिवारी बहिणीचे सासू-सासरे मुक्कामाला येणार. सासरे कारखान्याचे सभासद, स्वभाव कडक. सासूबाईंना मालिकांशिवाय दुसरं काही चालत नाही. बरोबर दोन शाळकरी नातवंडं. जेवणानंतर काय लावू?

हळदवाला, सांगली

‘सामना’. सासरे जागचे हलणार नाहीत.

कराडचा_गडी, कराड

अहो पाव्हण्यांसमोर कारखान्याचा विषय? बहिणीला नांदायचंय तिथं.

वाईकर_घाट, वाई

‘गुल्लक’ लावा. हिंदी आहे पण सोपी. आई-बाप, दोन पोरं, विजेचं बिल, शेजारीण. छोटे भाग आहेत. सासूबाईंना घरातलं भांडण मिळेल, पोरांना हसायला मिळेल, आणि सासऱ्यांना वडिलांची बाजू घेता येईल.

विटेकरीण, विटा

आणि साडेनऊच्या आत लावू नका, सासूबाईंची मालिका चुकली तर कुठलीच सिरीज तुम्हाला वाचवणार नाही.

तासगावचा, तासगाव

‘गुल्लक’ ठरलं, साडेनऊनंतर. ‘सामना’ मी एकटा बघीन, पाहुणे गेल्यावर.