वेल्डर मिळत नाहीत. मग ते परदेशातून आणू द्यावेत का?

कुंडईचा फॅब्रिकेटर

गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत माझा फॅब्रिकेशनचा लहान कारखाना आहे. औषध कंपन्यांना लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या आणि पाइपलाइन आम्ही करतो. गेल्या सात महिन्यांत चार आर्गन वेल्डरांच्या जागांसाठी मी तीनदा जाहिरात दिली आणि एकवीस जणांची चाचणी घेतली. उत्तीर्ण दोघेच झाले. त्यांपैकी एक चवथीला म्हणून घरी गेला आणि महिन्याभराने त्याने अबूधाबीहून फोन केला.

चाचणी अवघड असते हे मान्य आहे. सिक्स-जी म्हणतात त्या प्रकारात पाइप पंचेचाळीस अंशांत तिरपा आणि पक्का बांधलेला असतो. तो फिरवायचा नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचे. म्हणजे अर्धा जोड गुडघ्यावर बसून आणि उरलेला जवळजवळ उताणे पडून घालायचा. पाइपच्या आतली हवा आर्गनने नीट घालवलेली नसेल, तर बाहेरून आरशासारखा दिसणारा जोड आतून काळा आणि रवाळ होतो. त्या रव्यांत जंतू घर करतात, म्हणून औषध कंपनीचा माणूस आत कॅमेरा घालून पाहतो आणि शंका आली तर सगळा जोड कापायला लावतो. इथे ‘शिकत शिकत जमेल’ हे उत्तर चालत नाही.

फिलिपिन्स आणि व्हिएतनाममध्ये असे वेल्डर आहेत आणि माझ्याकडे यायला तयार असलेले दोघे मला ठाऊक आहेत. पण भारतात नोकरीचा व्हिसा हवा असेल तर परदेशी माणसाचा पगार वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये असावा लागतो. महिन्याला हे सुमारे एक लाख पस्तीस हजार होतात. परदेशी पद्धतीच्या खास स्वयंपाक्याला या अटीतून सूट आहे, भाषा शिकवणाऱ्याला आहे, दुभाष्याला आहे, वेल्डरला नाही. जपानने २०१९ च्या एप्रिलमध्ये विशिष्ट कौशल्यांसाठी नवा व्हिसा सुरू केला आणि त्यात जहाजबांधणीतले वेल्डिंगही घेतले. जर्मनीने २०२४ मध्ये भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसांची वार्षिक संख्या २०,००० वरून ९०,००० वर नेण्याचे ठरवले. जग आपला वेल्डर घेऊन जाणार आणि आपण मात्र दार लावून बसणार, हे मला पटत नाही. मोजक्या, प्रमाणपत्रधारक कामांसाठी ही पगाराची अट तीन वर्षांच्या मुदतीने शिथिल करावी, असे माझे मत आहे.

दोहा, अकरा वर्षे

बाब, तुम्ही चाचणीचे वर्णन अचूक केले आहे. ती चाचणी मी चार वेळा दिली आहे. पण जाहिरातीत पगार किती लिहिला होता, ते तुम्ही सांगितले नाही. एकवीसांपैकी एकोणीस अनुत्तीर्ण झाले, हे खरे असेल. परंतु जे उत्तीर्ण झाले असते ते तुमच्या दारात आलेच नसतील, ही शक्यता तुम्ही गृहीत धरलेली नाही.

मी सत्तरी तालुक्यातला. २००९ साली दोह्याला गेलो. दहावी उत्तीर्ण असल्यामुळे माझ्या पासपोर्टला परदेशी कामाला जाण्याआधीच्या सरकारी (एमिग्रेशन) तपासणीची अट नव्हती, आणि याचा तेव्हा मला अभिमान वाटला होता. त्याचा खरा अर्थ नंतर कळला. सातवी-आठवी शिकलेल्याचा करार निदान एका सरकारी कचेरीच्या नजरेखालून जातो. माझा करार मी आणि एजंट सोडून कोणीच वाचला नव्हता. एजंटाने एक लाख दहा हजार घेतले. आज कायद्याने त्याला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात, आणि तेव्हाची मर्यादा तर त्याहूनही कमी होती. तिथे पोहोचल्यावर दुसरा कागद पुढे आला, त्यावर पगार सहाशे रियालांनी कमी होता आणि पासपोर्ट मालकाच्या कपाटात गेला. समोरच्याच यार्डात जास्त पैसे मिळत होते. पण मालकाच्या ना-हरकतीशिवाय जाता येत नव्हते. कतारने ही अट २०२० मध्ये काढली, तेव्हा मी परतीच्या तयारीत होतो.

म्हणून तुम्हाला एकच गोष्ट विचारतो. तुम्ही आणलेल्या व्हिएतनामी वेल्डरला सहा महिन्यांनी वेर्ण्याच्या कारखान्याने पाच हजार जास्त देऊ केले, तर त्याला जाऊ द्याल का? जाऊ देणार असाल तर तुमची अडचण जिथल्या तिथे राहते. जाऊ देणार नसाल, तर तुम्हाला कौशल्याची गरज आहे की सोडून जाऊ न शकणाऱ्या माणसाची, हे एकदा स्वतःला विचारा.

कुंडईचा फॅब्रिकेटर

जाहिरातीत पगार बत्तीस हजार होता, ओव्हरटाइम वेगळा. मी लपवत नाही. पण आमचा धंदा इंच-डायावर चालतो. किती इंच व्यासाचे किती जोड घातले, त्यावर बिल निघते आणि काम सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळते. माझ्या दरात पन्नास हजारांचा वेल्डर बसत नाही. दर वाढवला तर काम पुण्याच्या किंवा वापीच्या माणसाला जाईल, आणि तोही बहुधा ओडिशातलीच माणसे आणील.

पाच हजारांसाठी मी त्याला अडवीन का? तिकीट, व्हिसा, राहण्याची सोय हा खर्च मी करणार असेन, तर पहिले वर्षभर तरी अडवीन. यात गुलामगिरी काय आहे, ते मला कळले नाही.

आयटीआयमधून निवृत्त

तीस वर्षे वेल्डिंग शिकवले म्हणून चार शब्द लिहितो. आयटीआयचा वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे आणि आठवी उत्तीर्ण मुलाला त्यात प्रवेश मिळतो. त्या वर्षात मुलगा झोत धरायला शिकतो, सपाट पट्ट्या जोडतो, उभा जोड कसाबसा घालतो. सिक्स-जी तिथे शिकवून होत नाही, आणि ते होत असे असा दावा मी नोकरीत असतानाही केला नाही.

मग गोव्यात चांगले वेल्डर कुठे तयार होत होते? मांडवी आणि जुवारीच्या काठावर, बार्जच्या यार्डांत. खनिज वाहून नेणाऱ्या बार्जची पावसाळ्यात दुरुस्ती चाले. आमच्याकडून गेलेला पोरगा तिथे जुन्या मेस्त्रीच्या हाताखाली पडे. पहिले वर्ष ग्राइंडर आणि चिपिंगचा हातोडा, दुसऱ्या वर्षी टॅकिंग, म्हणजे तुकडे जागेवर धरणारे छोटे टाके. बार्जच्या तळाशी पाठीवर झोपून, गळ्यात पडणाऱ्या ठिणग्या झटकत, डोक्यावरचा जोड घालायला पोरे तिथे शिकली. ज्याला तो जोड जमला, त्याला पुढे आर्गन शिकवायला आठ महिने पुरत. हे मी हौसेने सांगत नाही, माझ्या चाळीसेक विद्यार्थ्यांचा प्रवास असाच झाला आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला. मधल्या काळात थोडे सुरू झाले होते ते २०१८ च्या निकालाने ८८ लीजांसकट पुन्हा बंद पडले. खाणबंदी योग्य की अयोग्य, यात मी शिरत नाही. गावच्या विहिरी आटलेल्या मी पाहिल्या आहेत. परंतु बार्ज थांबल्या आणि यार्डे ओस पडली. मेस्त्री आखातात गेले, कोणी पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडातल्या स्विंडनच्या गोदामात सामान उचलू लागले. वेल्डरच्या प्रमाणपत्राचा एक नियम असा आहे की त्या पद्धतीचे काम सलग सहा महिने केले नाही तर पात्रता संपते. गोदामात गेलेल्यांचे तेच झाले.

कुंडईकरांना आज दहा-बारा वर्षे अनुभवाचा माणूस हवा आहे. तो माणूस २०१३-१४ साली कोणाच्या तरी हाताखाली हेल्पर म्हणून लागायला हवा होता. त्या वर्षी कोणीच कोणाला ठेवला नाही. आज परदेशी वेल्डर आणून हातातले काम निभेल, पण यंदाही हेल्पर ठेवला नाही तर २०३५ साली हीच जाहिरात पुन्हा द्यावी लागेल.

मनुष्यबळ विभाग, वेर्णा

निवृत्त सरांचे म्हणणे मला सर्वांत पटले, तरी त्यातून कुंडईकरांना आज काय मिळाले? मार्चअखेर लाइन चालू करून द्यायची असते, तेव्हा बारा वर्षांचा हिशेब कामाला येत नाही. यंत्रे बसवण्यासाठी परदेशी तंत्रज्ञ आपण बोलावतोच, आणि २०२० नंतर चिनी तंत्रज्ञांचे व्हिसा अडकले तेव्हा कारखाने किती खोळंबले होते, हे आम्ही अनुभवले आहे. २०२४ मध्ये उत्पादन प्रोत्साहन योजनेतल्या उद्योगांसाठी ती वाट केंद्राने थोडी मोकळी केली. मग फॅब्रिकेटरसाठी का नको?

आणि परदेशी शब्द बाजूला ठेवला, तर हा वाद गोव्यात रोज चालतोच. ट्रॉलरवर ओडिशा-झारखंडचे खलाशी आहेत, त्यांच्याशिवाय मालीमची जेटी हलत नाही. तरीही ‘भायले’, म्हणजे बाहेरचे, म्हणून त्यांनाच नावे ठेवायची. खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना ७५ टक्के जागा देणारा हरियाणाचा कायदा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये रद्द केला. कायद्याने माणूस अडवता येत नाही, एवढे तरी त्यातून कळावे.

पेडण्याची आई

माझा मुलगा डिप्लोमा करून सध्या जर्मन भाषेच्या वर्गाला जातो. पहाटे सहाची बस पकडून म्हापशाला. जर्मनीला त्याची गरज आहे असे सगळे सांगतात, पण त्या गरजेपोटी आठ महिने भाषा शिकण्याचा खर्च आम्हीच करतो आहोत. कुंडईत येणाऱ्या व्हिएतनामी माणसाने धोक्याच्या सूचना कोणत्या भाषेत वाचायच्या, याचा विचार कोणी केला आहे का? गॅस गळतो आहे हे त्याला ओरडून कोण सांगणार आणि कोणत्या शब्दांत?

दुसरे असे की माझ्या मुलाला इथे बावीस हजारांची नोकरी सांगून आली होती. ‘गोमंतकीय मुले सुशेगाद असतात, टिकत नाहीत’ असे त्याला मुलाखतीतच ऐकवले गेले. तोच मुलगा आता म्युनिकला रात्रपाळी करायला निघाला आहे.

दोहा, अकरा वर्षे

वेर्णेकर, मी माणूस अडवा असे म्हटलेले नाही. मी स्वतः परदेशी कामगार होतो. मला कोणी ‘भायलो’ म्हटले असते तर काय वाटले असते ते मला माहीत आहे. येणाऱ्याला येऊ द्या. माझा आक्षेप पगाराची पातळी खाली आणण्याला आहे. ऑस्ट्रेलियाने परदेशी कामगारांसाठीची किमान पगाराची रेषा ५३,९०० डॉलरांवर २०१३ पासून दहा वर्षे हलवली नाही. महागाई वाढत गेली आणि ती रेषा आपोआप स्वस्त कामगारांची वाट झाली. २०२३ मध्ये ती एकदम ७०,००० करावी लागली. आपण ती चूक मुद्दाम, पहिल्याच दिवशी करावी असे तुम्ही सुचवत आहात.

आणि कुंडईकर, ‘माझ्या दरात बसत नाही’ हे तुमचे वाक्य मी तीनदा वाचले. मग तुटवडा वेल्डरचा नसून इंच-डायाच्या दराचा आहे. औषध कंपनीला जोड आतून आरशासारखा हवा आणि दर गेटच्या ग्रिलचा हवा. तिच्याशी भांडण्याऐवजी तुम्ही व्हिसाच्या नियमाशी भांडता आहात.

कुंडईचा फॅब्रिकेटर

कंपनीशी भांडलो तर पुढच्या वर्षी मला टेंडरचा कागदही येणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तरी दराचा मुद्दा मी मान्य करतो. सरांच्या पोस्टनंतर मी हजेरीपत्रक काढून पाहिले. माझ्याकडे नऊ वेल्डर आहेत आणि शिकाऊ म्हणता येईल असा एकच, तोही चहा आणायला आणि ग्राइंडर उचलायला. याचा दोष दुसऱ्या कोणाला देता येणार नाही.

माझे म्हणणे आता थोडे बदलून मांडतो. ब्रिटनने २०१७ पासून परदेशी कुशल कामगार आणणाऱ्या मालकावर दरडोई, दरवर्षी कौशल्य शुल्क बसवले आहे. तसे शुल्क इथे लावावे, मी भरीन. अट एवढीच की ते फर्मागुडीच्या आयटीआयत आर्गनच्या यंत्रांवर आणि पाइपच्या तुकड्यांवर खर्च व्हावे, उद्घाटनाच्या मांडवावर नव्हे. एका परदेशी वेल्डरमागे दोन स्थानिक शिकाऊ ठेवण्याची सक्तीही मला मान्य आहे. पगार मात्र एक लाख पस्तीस हजार देता येणार नाही. साठपर्यंत जाईन, आणि तोच आकडा इथल्या वेल्डरच्या जाहिरातीतही लिहीन.

आयटीआयमधून निवृत्त

यंत्रे नकोत, यंत्रे आहेत. आर्गनचे सिलिंडर आणि स्टेनलेसचे तुकडे संपले की मुले महिनाभर नुसती वही भरतात. शुल्काचे पैसे द्यायचे असतील तर सिलिंडरला द्या.

दोहा, अकरा वर्षे

साठ हजारांची जाहिरात आधी इथल्या वर्तमानपत्रांत देऊन पाहा आणि तीन महिने थांबा. आखातातून सुटीवर आलेले निदान पाच जण चाचणीला येतील, त्यांतले दोघे माझ्या ओळखीचे आहेत. तरीही जागा भरल्या नाहीत तर परदेशी माणूस आणायला माझा विरोध राहणार नाही, फक्त मालक बदलण्याची त्याची मुभा कायद्यात असली पाहिजे. जपानच्या जुन्या प्रशिक्षणार्थी योजनेत ती नव्हती. पळून जाणाऱ्यांची संख्या वाढत गेली आणि शेवटी २०२४ मध्ये कायदा करून त्यांना ती योजनाच बदलावी लागली. तुमचा तिकिटाचा खर्च बुडतो म्हणता, तर नवा मालक तो महिन्यांच्या हिशेबाने तुम्हाला परत करील असे करारात लिहा. पासपोर्ट मात्र कामगाराच्याच खिशात राहील.

कुंडईचा फॅब्रिकेटर

पासपोर्ट कोणाला हवा आहे? खर्च परत मिळण्याचे कलम असेल तर वर्षाची अट मी सोडतो. जाहिरात रविवारी देतो. चाचणीसाठी दोन इंची पाइप कापून ठेवले आहेत. तुमच्या त्या दोघांना येताना जुने प्रमाणपत्र आणि गेल्या सहा महिन्यांच्या कामाचा दाखला आणायला सांगा.