सासऱ्यांसाठी थंडीतलं गरम सूप : टोमॅटोचं फुटतंय, दुसरं काय करू?

पाषाणची_सून

नमस्कार. आम्ही पाषाणला राहतो. टेकडीच्या अंगाला घर असल्यामुळे दिवस मावळला की गारठा एकदम उतरतो. सासरे ८१ वर्षांचे आहेत. दिवाळीनंतर त्यांच्या दाढा काढल्या आणि कवळी बसायला अजून वेळ आहे. भाकरी दुधात कुस्करून खातात, पण ती दुपारी. संध्याकाळी साडेसहाला गॅलरीतून आत येतात तेव्हा मफलर बांधलेला असतो, तरी बोटं बर्फासारखी. त्या वेळी वाटीभर गरम काही पोटात गेलं, तर रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांना बरं वाटतं.

मी टोमॅटोचं सूप करते. टोमॅटो उकडून गाळते, तूप-जिऱ्याची फोडणी देते, उकळी आली की अर्धी वाटी दूध घालते. गेल्या गुरुवारी तिसऱ्यांदा फुटलं. वर पाणी, खाली दह्यासारखे कण. बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. अर्धी वाटी प्यायले आणि वाटी हळूच बाजूला सरकवली. त्यांनी नावं ठेवली असती तर मला इतकं लागलं नसतं.

पाकिटातलं सूप नको आहे. त्यांना बीपी आहे आणि त्यात मीठ फार असतं. साखरेचा त्रास नाही. मूळचे कराडकडचे, 'सूप' म्हटलं की तोंड बारीक होतं. टोमॅटोचं कसं सावरायचं? आणि दुसरं काय करता येईल?

पेठेतला_जुना

टोमॅटोच्या आंबटपणानं दूध फाटतं, आणि उकळत असताना घातलं तर लगेचच. दूध सोडूनच द्या. नारळाचं दूध घाला, तेही गॅस बंद करून, आणि मग पुन्हा उकळी आणू नका. नारळ नको असेल तर दोन चमचे मूगडाळ वेगळ्या भांड्यात मऊ शिजवून रवीनं घुसळा आणि गाळलेल्या टोमॅटोत मिसळा. डाळ टोमॅटोबरोबर शिजवली तर आंबटामुळे लवकर गळत नाही, म्हणून वेगळी. मिठाचं म्हणाल, तर मिरी ताजी कुटून घातली की कमी मीठही पुरतं.

कोरेगावची_माहेरवाशीण

ताई, बाबा कराडकडचे आहेत ना? मग टोमॅटो राहू द्या आणि हुलग्याचं माडगं करा. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. आमच्याकडे थंडीत कुणाला सर्दी-पडसं झालं, अंग मोडून आलं, की चुलीवर आधी माडगं चढायचं. त्यांच्या लहानपणीही झालंच असणार.

पुण्यात किराणा दुकानात हुलगे मागा, 'कुळीथ' म्हटलं तरी देतात. पाव किलो पुरे. एक काम मात्र घाई न करता करा: परातीत पसरून उजेडात निवडा. हुलग्यातला खडा अगदी हुलग्याच्याच रंगाचा असतो, हाताला लागतो पण डोळ्याला दिसत नाही. मी मूठमूठ घेऊन बोटांनी चाचपते. बाबांच्या हिरड्या अजून हुळहुळ्या असतील, तिथे एक कणही जाता कामा नये.

मग लोखंडी कढईत मंद आचेवर भाजा. आधी काहीच होत नाही, मग एखादा दाणा तडतडतो, आणि मातीवर पहिला पाऊस पडावा तसा वास सुटतो. तिथे थांबायचं. पुढे गेलात की कडू होतं. गार झाले की मिक्सरवर दळून बारीक चाळणीनं चाळून घ्या.

एका माणसाला दोन वाट्या पाण्यात सुपारीएवढा गूळ, चिमटीभर सुंठ आणि नखभर मीठ घालून उकळायचं. दोन मोठे चमचे पीठ अर्धी वाटी गार पाण्यात कालवून घ्यायचं (गरम पाण्यात टाकलं तर गुठळ्या झाल्याच म्हणून समजा) आणि बारीक धारेनं सोडत ढवळत राहायचं. सात-आठ मिनिटांत पळीवरून जाडसर ओघळायला लागतं. वरून चमचाभर तूप. दूध चालतं, पण आधी बिनदुधाचं देऊन बघा.

गोड नको असेल त्या दिवशी हुलगे रात्रभर भिजवून कुकरमध्ये भरपूर पाण्यात शिजवा आणि ते पाणी गाळून घ्या. त्याला तूप, जिरं, हिंग, ठेचलेला लसूण आणि दोन आमसुलं. कट दाट हवा तर शिजलेले दोन चमचे हुलगे वाटून लावा. उरलेल्यांची तुम्हाला उसळ होते.

मंडईची_पिशवी

सध्या मंडईत चाकवत छान कोवळा मिळतोय. शिजवून घोटायचा, ताकात बेसन कालवून घालायचं, वर लसणाची फोडणी. दाणे-डाळ घालू नका, म्हणजे चावायला काही राहत नाही. बेसनामुळे ताक फुटत नाही, तरी उकळी येईपर्यंत ढवळणं सोडू नका.

धायरीकर

मटण चालत असेल तर पाय आणा. शिट्टी झाली की मंद आचेवर पाऊण तास. गाळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी वर थिजलेली चरबी काढून टाका. खालचं जेलीसारखं होतं, तेच गरम करून द्यायचं.

पाषाणची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. धायरीकर, बाबा माळकरी आहेत, त्यामुळे पाय नाही जमणार.

काल रविवारी हुलगे भाजले. मी कढईजवळ उभी होते आणि बाबा गॅलरीतून आपणहून आत आले. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हणाले, "हुलगं भाजतीयास व्हय?" लग्नाला सोळा वर्षं झाली, ते आमच्याशी असं बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. गावाकडचे कुणी आले की त्यांच्याशी बोलतात तसं. मग तिथेच स्टुलावर बसले. गूळ आधी विरघळू दे, मग पीठ सोड, असं सांगत होते. त्यांची आई वरून ओलं खोबरं भुरभुरायची म्हणे. मी किसून, अगदी वाटून घातलं.

पूर्ण वाटी प्यायले. तळाशी राहिलेलं बोटानं पुसून घेतलं आणि आणखी आहे का विचारलं.

कोरेगावच्या ताई, एक विचारायचं राहिलं. दळलेलं पीठ किती दिवस टिकतं? पाव किलोचं सगळंच दळून ठेवलंय.

कोरेगावची_माहेरवाशीण

कोरड्या काचेच्या बरणीत महिनाभर सहज राहतं. ओला चमचा घालू नका. आणि पुढच्या खेपेला अर्धा किलो आणा ताई, जानेवारी अजून जायचाय.