दुकानात चिमण्यांनी संसार थाटलाय, मदत हवी आहे

सोलापुरात आमचं चादरी-टॉवेलचं मोठं दुकान आहे. पत्र्याचं छत, उंची 20 फूट. चिमण्यांच्या दोन जोड्या आतच मुक्कामाला आहेत. एसीच्या डक्टवरच्या घरट्यात पिल्लं आहेत, म्हणून त्याला हात लावलेला नाही. खाली चादरींवर शीट पडते. पांढऱ्या चादरींचं तर विचारूच नका. पहाटे आतले दिवे बंद ठेवून फक्त शटर उघडलं, दारात बाजरी टाकली. बाजरी खाऊन परत आत! विष, चिकट सापळा अजिबात नको. पिल्लं साधारण 15 दिवसांत उडतात, तोवर थांबू. शटर मात्र दिवसभर उघडंच लागतं, गिऱ्हाईक येणार कुठून? तर पिल्लं उडाल्यावर डक्टमागच्या फटीला पाऊण इंची जाळी पुरेल का, आणि दाराला प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा लावून चिमण्या खरंच थांबतात का?