सोलव्हँगचं डॅनिश संग्रहालय आणि विणलेलं कागदी हृदय

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ):
कॅलिफोर्नियातल्या सोलव्हँगचं एल्व्हरहॉय संग्रहालय पाहायचं आहे. शाळेतल्या पोरांसाठी तिथून काय शिकून यावं? सांगा जी.

उत्तर १:
सोलव्हँग हे डॅनिश स्थलांतरितांनी 1911 मध्ये वसवलेलं गाव. संग्रहालय म्हणजे शिल्पकार व्हिगो ब्रांट-एरिक्सन आणि चित्रकार मार्था मॉट यांचं एकेकाळचं राहतं घर, त्यामुळे वस्तूंआधी घरच निरखून पाहा. तिथं भरतकाम दिसलं तर त्याचे फोटो फ्लॅशशिवाय घ्या. उजेडानं जुनं कापड विटतं.

पोरांसाठी मात्र कागदी हृदयच, म्हणजे दोन रंगांच्या कागदी पट्ट्या एकमेकींत विणून केलेली हृदयाच्या आकाराची डॅनिश पिशवी! डॅनिश परीकथाकार हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या हातचं 1860 च्या सुमाराचं हृदय अजून जपलेलं आहे. लाल आणि पांढरा, 6 × 18 सेंमीचे दोन तुकडे घ्या. दुमडून 6 × 9 करा. उघडं टोक अर्धगोल कापा. घडीकडून 6.3 सेंमी लांब दोन काप द्या, 2 सेंमीच्या तीन पट्ट्या होतील. लाल पट्टी पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या पोटातून (दुहेरी पट्टीच्या दोन थरांमधून), दुसरीच्या बाहेरून (म्हणजे ती पांढरी लालच्या पोटात), तिसरीच्या पोटातून न्या. पुढची पट्टी याच्या उलट.

उत्तर २:
ताई, ते वरचे 3 मिलिमीटर विसरू नका. काप बरोबर 6 चा दिला की शेवटची पट्टी अडते, ओढली की फाटते. पतंगाचा कागद टिकत नाही, कार्डशीट वळत नाही. घोटीव कागद उत्तम.

प्रश्नकर्ती:
शेवटी पिशवीसारखं उघडतं का?

उत्तर २:
हो, पोटातून-बाहेरून क्रम पाळला तरच. नुसतं चटईसारखं वर-खाली विणलं तर तोंड बंद. वर कागदी कडी चिकटवा, आत फुटाणे मावतात.