किनाऱ्यापेक्षा सडा बघा

कोकणात घोडे पाळायला जागा घ्यायची तर रपेटीला वाळू आयती मिळते म्हणून समुद्रालगतच घ्या, असा सल्ला दिला जातो. मला अर्धंच पटतं. ओहोटीची ओली, घट्ट वाळू उत्तम, पण ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, आणि वरच्या कोरड्या, भुसभुशीत वाळूत पाय रुततात, कंडरा दुखावतात. रोजच्या रपेटीला सड्यावरच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या सपाट पठारावरच्या पायवाटा बऱ्या. मात्र जांभा खरखरीत, खूर झिजवतो. नाल ६ ते ८ आठवड्यांनी बदलावे लागतात, तेव्हा जमिनीच्या भावाआधी नालबंद किती लांबून येणार ते विचारा.

आणि जागा जुलैत बघाच. तबेल्यात ओल राहिली की खुराच्या तळाशी बेचक्यात काळा, कुजका वास येणारा चिकटा साचतो; तिथून लंगडणं फार दूर नसतं. नुसत्या भाताच्या पेंढ्यावर घोडा पोसत नाही, सुकं गवत पावसाआधीच भरून ठेवायला कोरडी माडी हवी.